मोटरहोममागचा ट्रेलर आणि भारवितरक हिच

ट्रेलर जोडल्यावर त्याच्या दांडीचा भार ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या आसावर पडतो. त्यातला काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या स्वतःच्या आसांवर वळवणारी जोडणी म्हणजे भारवितरक हिच. अमेरिका आणि कॅनडात ती ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’ या नावाने विकली जाते. पिकअप ट्रक आणि प्रवासी ट्रेलर या जोडीसाठी ती तिथे नेहमीचीच आहे. मोटरहोममागे, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनामागे, मात्र तिचा उपयोग जपून करावा लागतो. मोटरहोमला तिची गरज पिकअपपेक्षा जास्त भासू शकते, पण तिचा ताण सोसण्याची मोटरहोमच्या शेपटाकडच्या सांगाड्याची ताकद अनेकदा कमी असते.

मोटरहोममागे ओढल्या जाणाऱ्या सगळ्याच वस्तूंना ही हिच लागत नाही. अमेरिकेत सर्वांत जास्त दिसते ती चारही चाकांवर ओढत नेलेली छोटी मोटार. ती टो बारने जोडलेली असते आणि तिचा उभा भार हिचवर जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे वाटून देण्यासारखे काही उरत नाही. पुढची दोन चाके उचलून धरणाऱ्या टो डॉलीचेही तसेच आहे. मोटार वाहून नेणारा सपाट ट्रेलर, मोटरसायकली किंवा सामान भरलेला बंदिस्त ट्रेलर, जड नावेचा ट्रेलर अशा वेळी मात्र प्रश्न उभा राहतो. या ट्रेलरांचे आस मध्याच्या थोडे मागे असतात आणि वजनाचा एक हिस्सा दांडीवाटे पुढच्या वाहनावर येतो.

दांडीभार

ट्रेलरच्या दांडीवरून हिचच्या बॉलवर येणारा उभा भार म्हणजे दांडीभार. उत्तर अमेरिकेत तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा नियम पाळला जातो. ट्रेलर २,५०० किलोचा असेल तर दांडीभार २५० ते ३७५ किलो होतो. हा भार कमी करायचा म्हणून सामान मागे सरकवणे धोक्याचे ठरते. उलाळ भरलेला ट्रेलर वेग वाढला की डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि ते हेलकावे आपोआप शमण्याऐवजी वाढत जाऊ शकतात. म्हणून पुरेसा दांडीभार ही स्थैर्याची किंमत आहे. ती चुकवता येत नाही, फक्त तो भार कोणत्या चाकांनी उचलायचा हे ठरवता येते.

युरोपात हे गणित वेगळे आहे. तिथल्या मोटारींसाठी दांडीभाराची मर्यादा बहुधा १०० किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि ट्रेलर ओढताना वेगमर्यादाही खाली आणलेली असते. त्यामुळे भारवितरक हिच तिथे क्वचितच दिसते. हे तंत्र मुख्यतः जास्त दांडीभार आणि महामार्गावरचा जास्त वेग स्वीकारणाऱ्या अमेरिकी पद्धतीचे आहे.

तरफेचे गणित

बॉल मागच्या आसाच्या बराच मागे असतो. मागचा आस हा टेकू मानला तर बॉलवर दाब पडताच वाहनाचे नाक वर उचलले जाते. पुढच्या आसाचा जितका भार कमी होतो तितका मागच्या आसावर दांडीभाराखेरीज आणखी चढतो. एकच आस असलेली उसाची ट्रॉली पुढे जास्त भरली की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते, त्यातला बराच भाग याच तत्त्वाचा असतो.

मोटरहोममध्ये ही तरफ लांब असते. पिकअप ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधले अंतर, साधारण ३.७ मीटर धरला तर बॉल मागच्या आसापासून सुमारे १.३ मीटर मागे येतो. ‘सी’ वर्गाच्या, म्हणजे व्हॅनच्या चासीवर बांधलेल्या, लांब मोटरहोमचा व्हीलबेस ५.५ मीटर असला, तरी मागच्या आसामागे लटकणारा भाग, म्हणजे ओव्हरहँग, बॉलपर्यंत ३ मीटर भरू शकतो. पलंग, न्हाणीघर आणि सामानाचे कप्पे याच भागावर उभे असतात.

दोन्ही वाहनांवर ३०० किलोचा दांडीभार ठेवून हिशेब करता येतो. पिकअपच्या पुढच्या आसाचा भार ३०० गुणिले १.३ भागिले ३.७, म्हणजे सुमारे १०५ किलोने घटतो आणि मागच्या आसावर ४०५ किलो वाढतात. मोटरहोममध्ये पुढे ३०० गुणिले ३ भागिले ५.५, म्हणजे सुमारे १६४ किलोंची घट होते आणि मागच्या आसावर ४६४ किलो चढतात. दांडीभार ३०० किलोच, पण मागच्या टायरांना तो दीडपटीहून अधिक जाणवतो.

याचे परिणाम दोन. मोटरहोमचा मागचा आस घर भरल्यावरच मर्यादेजवळ पोचलेला असतो, त्यामुळे हे जादा ४६४ किलो टायर, स्प्रिंगा आणि बेअरिंगांना परवडतीलच असे नाही. दुसरे, पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड घटते, ब्रेक लावताना पुढच्या चाकांचा वाटा कमी होतो आणि हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्या चालकाच्या डोळ्यांत पडतो.

रचना आणि कार्य

साध्या हिचमध्ये रिसीव्हरच्या, म्हणजे वाहनाच्या सांगाड्याला बसवलेल्या खोबणीच्या, चौकोनी नळीत बसवलेली दांडी आणि तिच्यावरचा बॉल एवढेच असते. भारवितरक हिचमध्ये बॉलखालच्या जड डोक्यातून पोलादाचे दोन लवचिक दांडे मागे निघतात. हे स्प्रिंग बार ट्रेलरच्या इंग्रजी ए अक्षरासारख्या चौकटीच्या दोन्ही बाजूंनी साधारण पाऊण मीटर मागे जातात आणि तिथे साखळीने किंवा कंसाने चौकटीला वर ओढून बांधले जातात.

ताणलेला बार चौकटीला खाली ओढतो आणि स्वतः वर खेचला जातो. त्याचे दुसरे टोक हिचच्या डोक्यात घट्ट बसलेले असल्याने ही वरची ओढ हिचच्या डोक्याला पुढच्या दिशेने पीळ देते. हा पीळ रिसीव्हरमार्फत वाहनाच्या सांगाड्यात शिरतो, वाहनाचे शेपूट उचलू पाहतो आणि नाक खाली दाबतो. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला भौतिकशास्त्रात आघूर्ण म्हणतात. सारे भारवितरण या एका आघूर्णाच्या जोरावर चालते. एकूण वजन त्याने रतीभरही घटत नाही.

वरच्याच मोटरहोमला २,५०० किलोचा, बॉलपासून आसांच्या मध्यापर्यंत ५ मीटर अंतर असलेला ट्रेलर जोडला असे मानू. पुढच्या आसाचे गेलेले सगळे १६४ किलो परत आणायचे असतील तर बारांनी सुमारे ५६२ किलोग्रॅम-मीटर आघूर्ण द्यावे लागते. तेव्हा दांडीभाराचे ३०० किलो असे वाटले जातात: पुढच्या आसावर शून्य बदल, मोटरहोमच्या मागच्या आसावर सुमारे १८७ किलो आणि ट्रेलरच्या आसांवर ११३ किलो. मागच्या आसावरची वाढ ४६४ वरून १८७ वर येते, हा खरा दिलासा आहे.

हा दिलासा फुकट मिळत नाही. बॉलपासून ७० सेंटिमीटरवर बार बांधलेले असतील तर दोन्ही मिळून सुमारे ८०० किलोचा ताण, म्हणजे प्रत्येकी ४०० किलो, द्यावा लागतो. हाच ट्रेलर वरच्या पिकअपला जोडला तर पुढचा भार पूर्ववत करायला ३१० किलोग्रॅम-मीटर पुरतात. म्हणजे तेवढ्याच दांडीभारासाठी मोटरहोमच्या सांगाड्याला जवळजवळ १.८ पट पीळ सोसावा लागतो.

किती भार परत आणावा

पुढचा सगळा भार परत आणणे नेहमीच इष्ट नसते. बार गरजेपेक्षा जास्त ताणले तर मागची चाके हलकी होतात. ओल्या वळणावर किंवा जोराचा ब्रेक लागल्यावर मागची पकड आधी सुटली तर वाहन आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटण्याचा धोका असतो. म्हणून पुढचा गेलेला भार अर्धाच परत आणावा असे अनेक वाहन-उत्पादक अलीकडे सुचवतात. मूळ भारापेक्षा पुढे अधिक भार टाकू नये, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

वरच्या उदाहरणात अर्धी भरपाई ठरवली तर पुढच्या आसाची घट ८२ किलो राहते, मागच्या आसावर ३२६ आणि ट्रेलरच्या आसांवर ५६ किलो येतात. त्यासाठी २८१ किलोग्रॅम-मीटर पुरतात आणि बारांवरचा ताणही निम्म्यावर, प्रत्येकी सुमारे २०० किलोंवर येतो. लांब शेपटीच्या मोटरहोमसाठी हा मध्यम मार्ग अनेकदा शहाणपणाचा असतो. मागचा आस मर्यादेत आला आणि स्टिअरिंगची पकड पुरेशी राहिली, की त्यापुढचा पीळ सांगाड्याला उगाच दिला जातो.

कच्चा दुवा: सांगाडा आणि लेबल

अमेरिकेतले ‘सी’ वर्गाचे बरेच मोटरहोम फोर्ड ई-४५० या चासीवर बांधले जातात. त्यावर उभ्या राहणाऱ्या भरलेल्या वाहनाची मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५८० किलो असते. वाहन आणि ट्रेलर मिळून एकूण मर्यादा २२,००० पौंड, म्हणजे सुमारे ९,९८० किलो. घर पूर्ण भरले असेल तर ट्रेलरसाठी ७,५०० पौंड, म्हणजे ३,४०० किलो उरतात. हे आकडे मात्र इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि आसांचे आहेत. शेपटाच्या टोकाला बसवलेली हिच तेवढे ओढू शकेल, असे त्यातून ठरत नाही.

याचे कारण बांधणीत आहे. चासीचे कारखान्यातून आलेले लोखंडी रूळ मागच्या आसापलीकडे थोडेच जातात. घर त्याहून लांब हवे असते, म्हणून कोचबिल्डर त्यांना जोडरूळ वेल्ड करून किंवा बोल्टने जोडून शेपूट लांबवतो आणि रिसीव्हर या जोडलेल्या भागाला बसवतो. सरळ खाली पडणारा भार आणि तिथे पिळणारे आघूर्ण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सहज पेलणारा जोड दुसऱ्याने थकू शकतो. वेल्डजवळ तडे जाणे, रूळ खाली झुकणे, रिसीव्हरची नळी वाकणे ही त्याची लक्षणे असतात.

म्हणून रिसीव्हरवरचे लेबल वाचणे ही पहिली पायरी आहे. त्यावर दोन प्रकारच्या मर्यादा असू शकतात: केवळ भार पेलण्याची आणि भारवितरक हिच वापरतानाची. दुसरी छापलेली असेल तरच अशी हिच लावता येते आणि तीही त्याच आकड्यापर्यंत. अनेक मोटरहोमांवर ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड दांडीभार, म्हणजे सुमारे २,२७० आणि २२७ किलो, एवढेच लिहिलेले असते. वरच्या उदाहरणातला ३०० किलोचा दांडीभार तिथे बसतच नाही, मग बार कितीही मजबूत असोत. काही उत्पादक भारवितरक हिचला पुस्तिकेत स्पष्ट मनाई करतात. ही मनाई जोडरुळांच्या मर्यादेमुळे असू शकते, म्हणून बाहेरून जाड रिसीव्हर बसवून ती ओलांडता येत नाही.

भारवितरक हिचमुळे वाहनाची, आसांची किंवा टायरांची कोणतीही मर्यादा वाढत नाही. एखादा आस मर्यादेबाहेर जात असेल तर त्याच्यावरचा काही भार ती इतरांवर टाकू शकते, इतकेच. एकूण वजनच जास्त असेल तर सामान कमी करणे हा एकच उपाय.

बारांची निवड

बारांवर दांडीभार आणि ट्रेलरचे वजन अशी जोडी छापलेली असते. ६०० आणि ६,०००, ८०० आणि ८,०००, १,००० आणि १०,००० पौंड या नेहमीच्या जोड्या आहेत. मोजलेला दांडीभार बाराच्या मर्यादेत, पण तिच्या फार खाली नसावा. गरजेपेक्षा ताठ बार खड्ड्यांत वाकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक धक्का ट्रेलरच्या चौकटीला आणि मोटरहोमच्या जोडरुळांना थेट पोचतो. फार मऊ बार वाकत राहतात आणि भार हलवतच नाहीत.

गोल बार हिचच्या डोक्यात खालून शिरतात, ते स्वस्त असतात, पण रस्त्याजवळ येतात. ट्रनिअन बार बाजूने शिरतात आणि जमिनीपासून जास्त उंच राहतात. मोटरहोमचे शेपूट उंचवट्यावर आधीच घासते, म्हणून दुसरा प्रकार तिथे अनेकदा सोयीचा पडतो.

ट्रेलरची रचनाही पाहावी लागते. नावेच्या अनेक ट्रेलरांना ए आकाराच्या चौकटीऐवजी एकच दांडी असते. तिथे नेहमीचे कंस बसत नाहीत. ट्रेलर पुढे ढकलला गेल्यावर आपोआप लागणारे सर्ज ब्रेक असतील तर त्यांचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारे दांडीचे तोंड, सरकावा लागतो. काही हिचमध्ये ताणलेले बार ही सरक अडवतात. अशा ट्रेलरसाठी हिच सर्ज ब्रेकला चालते असे उत्पादकाने सांगितलेले असणे गरजेचे आहे.

बसवणे आणि वजन तपासणे

प्रवासाला निघताना असेल तसेच मोटरहोम आणि ट्रेलर भरून, टाक्यांतल्या पाण्यासह, सपाट जागी उभे केले जातात. ट्रेलर समतल असताना त्याच्या कपलरची उंची मोजून त्यानुसार बॉलची उंची ठरवतात. दांडीभाराने शेपूट थोडे बसते, म्हणून बॉल किंचित वर ठेवला जातो. हिचच्या डोक्याचा कल मागे वाढवला की बारांची टोके खाली जातात आणि बांधताना ताण वाढतो. साखळीच्या कड्या बदलून बारीक जुळवणी करता येते.

बार ताणताना किंवा सोडताना ट्रेलरच्या जॅकने कपलर आणि मोटरहोमचे शेपूट एकत्र उचलतात, म्हणजे बार सैल पडतो. ताणलेला बार सुटून उसळला तर हाड मोडू शकते. त्याच्या झेपेत उभे राहू नये.

पिकअपमध्ये पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची ट्रेलर जोडण्यापूर्वी आणि नंतर मोजून अंदाज घेतात. मोटरहोममध्ये हा अंदाज फसवा ठरू शकतो. मोठ्या डिझेल मोटरहोमांना हवेचे सस्पेन्शन असते. त्यातला झडपांचा संच वाहनाची उंची आपोआप ठरल्या पातळीवर आणतो, त्यामुळे पुढचा आस हलका झाला तरी उंची तीच दिसते. एअरबॅग फुगवून मागची बाजू वर उचलल्यानेही पुढचा भार परत येत नाही. शेपूट दिसायला सरळ होते, पण आसांवरची वाटणी जवळजवळ तीच राहते.

म्हणून निर्णय वजनकाट्यावर होतो. अमेरिकेच्या महामार्गांवर ट्रक थांबतात तिथे काटे असतात. १९७७ पासून चालणाऱ्या कॅट स्केलसारख्या कंपन्यांच्या काट्यांवर वेगवेगळे प्लॅटफॉर्म असल्याने पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस एकाच वेळी स्वतंत्र मोजले जातात. तीन वेळा वजन केले की चित्र पूर्ण होते: मोटरहोम एकटा, ट्रेलर जोडून पण बार सैल ठेवून, आणि बार ताणून. पहिल्या दोन मापांतून मोटरहोमच्या दोन्ही आसांवर मिळून किती भार वाढला ते कळते. तोच दांडीभार. पुढच्या आसाची घट आणि तिसऱ्या मापातली भरपाई यांची तुलना करून ताण कमीजास्त करता येतो. मोटरहोमच्या प्रत्येक आसाचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पाटीवरच्या मर्यादेशी आणि टायरवर छापलेल्या भारक्षमतेशी ताडून पाहावा लागतो.

रस्त्यावर

लांब ओव्हरहँगमुळे मागची चाके उंचवट्यावर चढली की बॉल त्याहून जास्त वर जातो. वरच्या मापांच्या मोटरहोममध्ये चाक १० सेंटिमीटर चढले तर बॉल सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर वर जातो. चाक खड्ड्यात उतरले तर तो तेवढाच खाली येतो आणि बारांवरचा ताण त्याप्रमाणे एकाएकी चढतो-उतरतो. पेट्रोल पंपाचा उतार, फेरीबोटीचा चढ, घराच्या दारातली खोलगट नाली ही अशी ठिकाणे आहेत. तिथे अगदी हळू जाणे किंवा आधीच बार सैल करणे शहाणपणाचे. ट्रेलर सोडून ठेवायच्या खडबडीत जागी जाण्यापूर्वीही तेच करतात.

ओव्हरहँगचा दुसरा परिणाम वळणावर दिसतो. मोटरहोम उजवीकडे वळतो तेव्हा त्याचे शेपूट डावीकडे झुलते आणि ट्रेलरची दांडीही तिकडे ढकलली जाते. यामुळे बार चौकटीशी जास्त कोनात वळतात. फार तीव्र वळण घेऊन मागे नेताना बार किंवा कंस वाकू शकतात. घर्षणाने झुलणे रोखणारी वेगळी पट्टी लावलेली असेल तर उलटे जाण्यापूर्वी ती काढावी, असे तिचे उत्पादक सांगतात.

भारवितरण आणि हेलकावे रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारांच्या आघूर्णाने उभे भार वाटले जातात. ट्रेलरच्या आडव्या झुलण्याला विरोध मिळतो तो घर्षणपट्टी, कंसावर घासणारे बार किंवा खास सांध्यांच्या रचना यांतून. त्यामुळे भारवितरक हिच लावली म्हणून उलाळ भरलेला ट्रेलर सुरक्षित होत नाही. झुलणे सुरू झाले तर वेग हळूहळू कमी करायचा आणि शक्य असेल तर केवळ ट्रेलरचे विद्युत ब्रेक हाताने लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे, जोडणी तुटल्यास ते लावणारा ब्रेकअवे स्विच आणि कपलरखाली फुलीत बांधलेल्या सुरक्षा साखळ्या यांना भारवितरक हिच हा पर्याय नाही. तिच्याबरोबर त्यांचीही गरज असतेच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठरावीक वजनावरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात राहण्याच्या आणि कॅम्पिंगच्या ट्रेलरांसाठी ही रेषा १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलोला आहे.

निर्णयाचा क्रम असा ठरतो. आधी ट्रेलर योग्य भरून दांडीभार मोजायचा. मग रिसीव्हरचे लेबल आणि मोटरहोमची पुस्तिका भारवितरक हिचला परवानगी देतात का ते पाहायचे. परवानगी नसेल तर ट्रेलर इतका हलका असावा लागतो की त्याचा दांडीभार साध्या हिचच्या आणि मागच्या आसाच्या मर्यादेत राहील. परवानगी असेल आणि मागचा आस अतिभारित किंवा पुढचा बराच हलका होत असेल, तर आवश्यक तेवढाच भार परत आणणारे बार निवडून त्यांची जुळवणी काट्यावर तपासायची. भारी मोटरहोममागे हलका ट्रेलर असेल आणि सगळे आकडे मर्यादेत असतील, तर ही हिच न लावणे हेच योग्य.